रोगमुक्तांचा हिशेब



साथ ओसरली की शासन तीन आकडे जाहीर करते : बाधित, मृत आणि बरे झालेले. पहिल्या दोहोंवर वाद झडतात. तिसऱ्याविषयी कोणाची तक्रार नसते, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा अधिक व्हावयास हवी.

२००३ सालापर्यंत चाललेल्या सार्सच्या साथीत जगभर ८,०९६ लोक आजारी पडले, ७७४ दगावले. उरलेल्यांची दफ्तरी नोंद ‘रोगमुक्त’ अशी झाली. चिनी संशोधकांनी मात्र त्यांतील काहींचा माग सोडला नाही. बारा वर्षांनंतर अशा २५ जणांची तपासणी झाली, तेव्हा ६८ टक्क्यांच्या रक्तातील चरबी वाढलेली होती, ६० टक्क्यांचा साखरेचा चयापचय बिघडलेला होता आणि ४४ टक्क्यांना हृदय वा रक्तवाहिन्यांचे विकार होते. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

पंचवीस माणसे हा नमुना फारच लहान, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. शिवाय सारा दोष विषाणूच्या माथी मारता येत नाही. प्राण वाचविण्यासाठी तेव्हा स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रा दिल्या जात, आणि रक्तातील स्निग्ध द्रव्यांचे काही बदल अशा मात्रा घेतलेल्यांतच ठळक होते. दुसरी बाजूही आहे. स्टिरॉइड न दिलेल्या ३९ सार्सरुग्णांच्या एका पाहणीत २० जणांना रुग्णालयातच मधुमेह जडला होता. तीन वर्षांनी तो दोघांतच उरला. तेव्हा बरा झालेला प्रत्येक जण जन्माचा रोगी होतो, अशी आवई उठविणे अशास्त्रीय होय.

करोनाने मात्र हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा केला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यनोंदींवरून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील १,८१,२८० करोनाबाधितांना वर्षभरात मधुमेह जडण्याचा धोका इतरांहून सुमारे ४० टक्के अधिक आढळला; म्हणजे दर हजारी सुमारे १३ रुग्ण जादा. आजार जितका तीव्र तितका धोका मोठा, पण रुग्णालयाची पायरी न चढलेलेही त्यातून सुटले नाहीत. बहुतांशी वयस्क पुरुषांचा हा दर भारताला जसाच्या तसा लावणे चूक ठरेल. तथापि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार ज्या देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, तेथे थोडी वाढही भारी पडते.

आणि ती पडते कोणावर? २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. पण ते दाखल झालेल्या रुग्णाला. घरी सोडल्यानंतरच्या खर्चाची मर्यादा १५ दिवसांची. कोठे बारा वर्षे आणि कोठे पंधरा दिवस! सोळाव्या दिवसापासून गोळ्यांचा खर्च बहुधा घरचा. नाका कामगाराला रक्त तपासून घ्यावयाचे तर त्या दिवसाचा रोज बुडतो. तो जात नाही. मग साखर वाढल्याचे कळते ते पायाची जखम भरेनाशी झाल्यावर. तेव्हा तो पुन्हा दाखल होतो आणि योजनेस पुन्हा पात्र ठरतो.

घरी सोडताना रुग्णाच्या हाती दिल्या जाणाऱ्या कार्डावर पुढील रक्ततपासणीची तारीख आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव लिहिण्यास शासनाला नवा कायदा लागणार नाही. त्या केंद्रात त्या दिवशी तपासणीचे साहित्य आणि गोळ्या असाव्यात, यासाठी मात्र अंदाजपत्रकात तरतूद करावी लागेल.