घाटाखालचे ऊन आणि श्रमिकाचे मूत्रपिंड



बुलढाणा जिल्ह्याचा माणूस आपला जिल्हा दोन शब्दांत सांगतो : घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा शहरात वैशाखातही सायंकाळी वाऱ्याची झुळूक लाभते. राजूर घाट उतरून मलकापूर-नांदुऱ्याकडे निघाले, की उन्हाचे खरे रूप कळते. त्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. या पट्ट्यातील विहिरी व कूपनलिकांचे पाणी मुळातच खारे.

येथील मूत्रपिंडविकाराची चर्चा आजवर या पाण्याभोवतीच फिरली, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु त्याच गावात, तेच पाणी पिऊन, उन्हात राबणारा आणि सावलीत बसणारा यांच्या शरीरावर पडणारा ताण एक नसतो.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो आणि दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव तेथे गाळला जातो. उन्हात कष्टाचे काम करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. शरीर थंड राखण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, काम करणारे स्नायूही ते ओढतात, आणि मूत्रपिंडाच्या वाट्याला कमी येते. मूत्र घट्ट होते. अतिश्रमाने स्नायूंची झीज झाली, तर तिचा गाळही त्याच चाळणीतून जातो. एका दिवसाची इजा भरून निघते. हंगामामागून हंगाम होणारी इजा मात्र व्रण ठेवून जाते.

मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोरमध्ये मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या शेतमजुरांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले. पुढे निकाराग्वातील ऊसतोडणी कामगारांना पाणी, सावली आणि ठरलेली विश्रांती मिळाली, तेव्हा ही इजा घटल्याचे दिसले. आपल्याच देशात, तमिळनाडूच्या मिठागरांतील ३५२ कामगारांची २०१७ ते २०२० या काळात पाहणी झाली. त्यांत शंभरात सात जणांच्या मूत्रपिंडाची गाळणक्षमता कमी आढळली. ऊन हे एकमेव कारण आहे, असे कोणताही जबाबदार वैद्य म्हणणार नाही. पण ते कारणांपैकी एक आहे, हे आता नाकारता येत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाण्याची सक्ती केली होती. शेतमजूर त्या कक्षेबाहेरच राहिला. वीटभट्टीवर मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते. तेथे विसावा म्हणजे बुडालेली मजुरी. स्त्रियांची अडचण आणखी वेगळी. आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच टाळतात. आणि सायंकाळी अंग दुखते म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, आधीच रक्त कमी पडलेल्या मूत्रपिंडाचा उरलासुरला पुरवठाही आवळते.

गजानन महाराजांच्या चरित्रातील अकोलीचा प्रसंग घरोघरी ठाऊक आहे. भर दुपारच्या उन्हात शेतात राबणाऱ्या भास्कर पाटलाला गावाहून डोक्यावर आणलेले पाणी दुसऱ्याला देववेना. त्या पाण्याची किंमत घाटाखालचा मजूर आजही जाणतो. पाणपोया मात्र बाजारात आणि बसस्थानकावर लागतात, शेताच्या बांधावर क्वचितच. शाखा, मंडळे आणि बागायतदार यांनी मनावर घेतले, तर गोड्या पाण्याचा रांजण व एक ताडपत्री बांधावर नेणे अवघड नाही. काम पहाटे सुरू करून दुपारी बारा ते चार थांबवावे, दर अर्ध्या तासाने पाणी द्यावे, उक्त्या कामातही विसाव्याचे पैसे कापू नयेत. आरोग्य शिबिरांत रक्तदाब व साखर तपासली जाते, तेथे क्रिएटिनीनही तपासावे. कारण ते वाढलेले दिसेपर्यंत बहुधा निम्मी क्षमता गेलेली असते, आणि तोवर रुग्णाला काहीही दुखत नसते.