वाटाण्याचा अंकुर आणि क्षणाची गति

१९१२ सालीं दादासाहेब फाळके यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यानें एकेक चित्र घेऊन टिपली. श्रोतेहो, पडद्यावर पाहतां पाहतां अंकुराचा वेल झाला. पण फिल्मच्या पट्टीवरील प्रत्येक चित्र तर निश्चल! मग वेल वाढला कोठें? ग्रीक तत्त्वज्ञ झेनो यानें उडत्या बाणाविषयीं हाच पेंच घातला होता. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणींत ग्रहाची 'तात्कालिकी गति' सांगितली. पुढें न्यूटन व लाइबनिट्झ यांनीं अशा गतीचें व्यापक गणित रचलें. गणिताचें काम भागलें. झेनो निरुत्तर झाला, असें मात्र म्हणवत नाहीं. १९०७ सालीं फ्रेंच तत्त्ववेत्ता बर्गसाँ यानें तर मानवी बुद्धीलाच चित्रपटयंत्र ठरविलें: वाहता काळ ती तुकड्यांनींच पाहते. फाळक्यांचा अंकुर मात्र दोन चित्रांमधल्या, कोणींहि न टिपलेल्या वेळींसुद्धां वाढतच होता.