कपाट रिकामे करण्यापूर्वी

(गेल्या गणेशोत्सवात, चौथ्या दिवशीच्या आरतीनंतर मंडळाच्या सभागृहात केलेले भाषण)



आरती झाली आहे आणि स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येऊ लागला आहे. तेव्हा मी आटोपशीर बोलेन.

विषय आहे त्या कोपऱ्यातले पुस्तकांचे कपाट. ते रिकामे करून तिथे साउंड सिस्टीम ठेवावी, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. मला तिचा राग आला नाही. वर्षभरात कपाटाची किल्ली कोणी मागितली नाही, हे मला पक्के ठाऊक आहे, कारण किल्ली माझ्याकडेच असते. आत काय आहे? पु. ल., व. पु., 'ययाति', 'स्वामी', 'मृत्युंजय'. सगळी उत्तम पुस्तके, आपण सर्वांनी वाचलेली. अडचण एवढीच, की त्यानंतरचे काही नाही. आपण ज्या वर्षी दुर्ग स्टेशनवर उतरून भिलाईत आलो, त्याच वर्षी आपला महाराष्ट्र थांबला!

याचा फटका मला माझ्याच घरात बसला. धाकटा भाऊ बुलढाण्याकडे शेती करतो. फोनवर तो नापिकी, कर्ज, पडलेले भाव यांच्याबद्दल सांगायचा. मला वाटायचे, याचे नेहमीचेच रडगाणे. मी पगारदार माणूस, इथून उपदेश करायचो. मग सदानंद देशमुख यांची 'बारोमास' हाती आली. कादंबरी २००२ ची, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. शिकलेला एकनाथ नोकरी नाही म्हणून शेतीत राहतो, आणि शेती त्याला जगू देत नाही. घरात म्हातारे वडील, चिडलेला भाऊ, या जगण्याला विटलेली बायको. त्यांतले कोणीच वाईट नाही, तरी घर उसवत जाते. पुस्तक मिटून मी भावाला फोन लावला आणि अर्धा तास नुसते ऐकले. शेवटी तोच म्हणाला, "दादा, तब्येत बरी हाय ना तुयी?"

बंधुभगिनींनो, मला आज एवढेच सांगायचे आहे. गावाकडची माणसे फोनवर सगळे सांगत नाहीत. जे राहून जाते, ते नव्या कथा-कादंबऱ्यांत सापडते.

आपण कारखान्याची माणसे. आपल्या घरातली घड्याळे शिफ्टवर चालली. तेव्हा जयंत पवार यांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा कथासंग्रह आपल्यासाठीच आहे, असे मी म्हणेन. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपाच्या बातम्या आपण वाचल्या, पुढे विसरलो. पण त्या घरांतल्या पोरांचे काय झाले? फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला, तेव्हा शेजारच्या चाळीतला माणूस कुठे गेला? गिरणगावातले हे जग पवारांच्या कथांत भेटते. या संग्रहाला २०१२ चा अकादमी पुरस्कार मिळाला. पवार २०२१ मध्ये गेले. कारखाना बंद पडला तर वसाहतीचे काय होते, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

आता दोन तक्रारी. पहिली, "ही बोलीभाषा कळत नाही हो!" कृष्णात खोत यांची 'रिंगाण' घेतली तेव्हा मीही अडखळलो. धरणामुळे उठलेल्या गावातला देवाप्पा मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात जुन्या गावी जातो. पण ती आता रानातली झाली आहे, माणसाला ओळखत नाही. माझ्या सौभाग्यवतींनी पहिली वीस पाने मोठ्याने वाचून दाखवली आणि काम झाले. बोली डोळ्यांना अवघड जाते, कानाला नाही. आपण तर रोज छत्तीसगढी ऐकणारी माणसे!

दुसरी तक्रार, "सगळे दुःखाचेच का?" तर तसेही नाही. किरण गुरव यांचा 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' हा कथासंग्रह घ्या. खेड्यातून इंजिनिअरिंगला गेलेल्या बाळूची धास्ती आणि फजिती वाचताना इथल्या निम्म्या सभागृहाला आपले होस्टेलचे दिवस आठवतील.

आणखी तीन नावे झटपट सांगतो. कविता महाजन यांची 'ब्र', गावोगावच्या स्त्री सरपंचांचे अनुभव मांडणारी. भगिनी मंडळाने ती आधी घ्यावी. देविदास सौदागर यांची छोटेखानी 'उसवण', रेडीमेड कपड्यांपुढे हरत चाललेल्या शिंप्याची. तुळजापूरचे सौदागर स्वतः शिवणकाम करणारे. २०२४ चा युवा पुरस्कार त्यांना मिळाला. आणि नंदा खरे यांची 'उद्या'. खरे नागपूरचे, व्यवसायाने सिव्हिल इंजिनिअर. माणसावर चहूकडून नजर ठेवणाऱ्या येत्या काळाची ही कादंबरी. तिला २०२० चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी नम्रपणे नाकारला. मोबाइल हातातून न सोडणाऱ्या नातवंडांशी बोलायला याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

ही सात पुस्तके प्रत्येकाला आवडतीलच असे नाही. न आवडलेल्या पुस्तकावर भांडायलाही मजा येते, आणि भांडण मराठीतून होते, हा फायदा वेगळाच.

माझी विनंती साधी आहे. ही सात पुस्तके सात घरांनी एकेक विकत आणावीत, वाचावीत आणि दिवाळीपर्यंत कपाटात ठेवावीत. महिन्यातून एका रविवारी, चहाच्या वेळी, कोणीतरी दहा पाने मोठ्याने वाचावीत. पुढच्या गणपतीपर्यंत किल्ली कोणीच मागितली नाही, तर कपाट मी स्वतः उचलून देईन. साउंड सिस्टीम खुशाल ठेवा.

'बारोमास' मात्र माझ्या घरची प्रत मी आजच आणली आहे. प्रसाद घेताना कोणीतरी मागून न्या.

गणपती बाप्पा मोरया!