गटारसफाईचे यंत्र आले. सुरक्षेचे साहित्य कुठे आहे?

(कामगार सुरक्षा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



आज आपण गटार मोकळे करणाऱ्या विजेच्या यंत्राबद्दल बोलणार आहोत. भुसावळची रेल्वे कॉलनी असो, खरगपूरची असो, की टपाल कर्मचाऱ्यांची एखादी वसाहत असो. पाइप तुंबला की पूर्वी बांबूच्या कामट्या घेऊन माणूस येई, आणि त्यांनी भागले नाही तर तो चेंबरमध्ये उतरे. आता अनेक ठिकाणी यंत्र येते. ड्रममध्ये गुंडाळलेली पोलादी स्प्रिंगची लांब केबल, तिच्या टोकाला कटर, ती फिरवणारी मोटर आणि पायाने दाबायचा स्विच, असे त्याचे स्वरूप आहे. ह्या यंत्राचे आम्ही स्वागतच करतो. माणसाला गटारात उतरवू नये, ही आपल्या चळवळीची मागणी आहे. परंतु ठेकेदाराच्या टेम्पोतून यंत्र उतरते, तेव्हा त्याच्याबरोबर सुरक्षेचे साहित्यही उतरते का, हे पाहणे आपले काम आहे.

ह्या यंत्रात पहिला धोका केबलचा आहे. कटर पाइपात एखाद्या मुळाला किंवा चिंध्यांच्या गोळ्याला अडकला, तरी मोटर थांबत नाही. ती फिरतच राहते आणि केबलला दोरीसारखा पीळ बसत जातो. हा पीळ पाइपाच्या आत मावेनासा झाला की केबल बाहेर उसळते, तिचा फास होतो आणि हात त्यात सापडतो. बोट तुटायला आणि मनगट मोडायला क्षणही पुरतो. म्हणून काही नियम पाळलेच पाहिजेत.

केबल धरणारा आणि पायाचा स्विच दाबणारा माणूस एकच असावा. हाताला ताण जाणवताच पाय उचलला गेला पाहिजे. दुसऱ्याला ओरडून सांगेपर्यंत उशीर झालेला असतो. स्विचवर वीट ठेवून काम करणे म्हणजे जीव गहाण टाकणे होय. ड्रमचे तोंड पाइपाच्या तोंडापासून दोन फुटांच्या आत ठेवावे, मध्ये केबल सैल सोडू नये. जोर लावून केबल रेटू नये. थोडी पुढे, थोडी मागे घेत अडथळा कापू द्यावा. उलटी फिरकी फक्त अडकलेला कटर सोडवण्यापुरतीच वापरावी. केबलला मुरड पडलेली असेल किंवा तिचे वेढे ताणले गेले असतील, तर ते यंत्र चालवू नये.

हातमोजे चामड्याचेच हवेत. सुती किंवा रबरी मोजा फिरत्या केबलमध्ये गुंततो आणि हात ओढून नेतो. घाणीपासून बचावासाठी चामड्याच्या मोज्याच्या आत पातळ रबरी मोजा चालतो, बाहेर नाही. गळ्यातला गमछा, हातातले कडे, अंगठी, सैल बाही ह्यांना तेथे स्थान नाही. सफाईचे काम करणाऱ्या आपल्या भगिनींनी पदर आणि केस घट्ट बांधून घ्यावेत. खरे म्हणजे त्यांना कामाचा योग्य पोशाख देण्याची जबाबदारी मालकाची आहे.

दुसरा धोका विजेचा आहे. पायाखाली पाणी, हातात लोखंड आणि तारेत 230 व्होल्ट! तरीही वायरीची उघडी टोके आगकाडी खुपसून सॉकेटमध्ये बसवलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. हे बंद झाले पाहिजे. तीन पिनांचा प्लग, खरोखर जोडलेले अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा ब्रेकर, ह्या तिन्ही गोष्टी हव्यात. ब्रेकरचे टेस्टचे बटण काम सुरू करण्यापूर्वी रोज दाबून पाहावे. वायरीचे जोड पाण्यात पडू देऊ नयेत. ओल्या हाताने प्लग लावू नये. पायात गमबूट असावेत. आणि एक साथी मुख्य स्विचजवळ उभा असावा.

तिसरा धोका पाइपातील मालाचा आहे. तुंबलेल्या पाइपात कोणीतरी आधीच अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा ओतलेला असतो. केबल बाहेर येताना त्याचे शिंतोडे थेट डोळ्यांत जातात. म्हणून आधी चौकशी करावी, आणि डोळ्यांवर बंद चष्मा चढवल्याशिवाय मोटर सुरू करू नये. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हातापायावर जखम असेल तर ती झाकावी. काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बिडी, तंबाखू, चहा ह्यांना हात लावू नये.

साथींनो, खरी कसोटी यंत्र हरते तेव्हा लागते. केबल अडकली की मुकादम म्हणतो, “जरा आत उतरून बघ.” त्या क्षणी यंत्र बाजूला राहते आणि माणूस पुन्हा जुन्याच मरणाच्या दारात जातो. चेंबरमधील हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाला वासही येईनासा होतो. वास नाही म्हणजे वायू नाही, असे समजून उतरलेला माणूस वर येत नाही, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही येत नाही.

कायदा ह्याबाबतीत स्पष्ट आहे. 2013 च्या कायद्याने संरक्षक साहित्य आणि खबरदारीशिवाय सांडपाण्याच्या वाहिनीची किंवा सेप्टिक टाकीची हाताने सफाई करून घेण्यास बंदी केली आहे. प्रत्यक्ष असो वा ठेकेदारामार्फत असो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये ती तीस लाख केली. पण भरपाई घरच्यांच्या हाती पडते, गेलेला माणूस परत येत नाही.

कोणी विचारील, हा ठेक्यावरचा माणूस आपला सभासद नाही, मग आपण काय करावे? तो आपल्याच स्टेशनचे, आपल्याच वसाहतीचे गटार साफ करतो. त्याला नाही म्हणता येत नाही, कारण उद्याची हजेरी मुकादमाच्या हातात असते. आपल्याला मात्र म्हणता येते. म्हणून प्रत्येक शाखेने पुढील मागण्या लेखी द्याव्यात. सफाईच्या प्रत्येक ठेक्यात मोजे, चष्मा, गमबूट आणि ब्रेकर ह्यांची अट असावी. यंत्र चालवणाऱ्याला त्याच्या भाषेत, पगारी वेळेत प्रशिक्षण मिळावे. एकट्या माणसाकडून हे काम करून घेऊ नये. साहित्य अपुरे असेल तर काम थांबवण्याचा हक्क असावा, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये.

उद्या आपल्या दाराशी यंत्र आले, तर दोन मिनिटे बाहेर या. हातमोजे पाहा, प्लग पाहा, ब्रेकरचे बटण दाबायला सांगा. कमी असेल तर काम थांबवा आणि शाखेला कळवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!