पहिले अठ्ठावीस दिवस



गर्भिणीचे डोहाळजेवण आपण सातव्या महिन्यात करतो, सरकारी दप्तरात तिचे नाव चढते ते फार तर तिसऱ्या महिन्यात, आणि ज्या जीवनसत्त्वाविषयी मी आज बोलणार आहे त्याचे सर्वांत निकडीचे कार्य मात्र या दोन्ही मुहूर्तांच्या कितीतरी आधी, किंबहुना आपल्याला दिवस गेले आहेत अशी खुद्द त्या स्त्रीची पुरती खात्री पटण्याच्याही आधी, आटोपलेले असते. माझ्या आजच्या विवेचनाचा रोख या विसंगतीवर आहे.

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा आरंभ आपल्या मुंबईतला. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई येथे आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गरीब गर्भवती स्त्रियांना ग्रासणाऱ्या एका विचित्र पांडुरोगाचा त्यांनी छडा लावण्यास आरंभ केला. या रोगात रक्तातील तांबड्या पेशींची संख्या घटते, परंतु उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसतात. दोष जंतूंचा नसून आहाराचा असावा, असे बाईंना वाटू लागले, आणि अनेक प्रयोगांनंतर त्यांच्या हाती जे औषध लागले ते कोणा राजवैद्याच्या बटव्यातले नव्हते, तर इंग्रज लोक न्याहारीच्या पावाला जो काळसर, खारट मार्माइट फासतात तो यीस्टचा स्वस्त अर्क होता. त्याने आधी माकडे आणि मग बायका बऱ्या झाल्या. हा वृत्तान्त १९३१ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते याचा उलगडा न झाल्यामुळे ते काही वर्षे ‘विल्स फॅक्टर’ या नावानेच ओळखले जाई. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळे काढण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळाले. पुढे ते प्रयोगशाळेत घडवणाऱ्या संशोधकांचे नेतृत्व येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रात जन्मलेल्या शास्त्रज्ञाकडे होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

पेशी दुभंगून तिच्या दोन व्हावयाच्या तर तिच्यातील आनुवंशिक द्रव्याची नवी प्रत तयार व्हावी लागते आणि त्या कामी हे जीवनसत्त्व, म्हणजेच फोलेट, अपरिहार्य असते. ते अपुरे पडले की मातेच्या अस्थिमज्जेत रक्तपेशी वाढतात पण वेळेवर विभागत नाहीत. विल्सबाईंना दिसलेल्या त्या थोराड पेशींचे मर्म हेच. गर्भात तर विभाजनाची नुसती धांदल उडालेली असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याच्या पाठीवर एक चपटी पट्टी उमटते, तिच्या कडा वर उचलल्या जातात, आणि सुगरणीने करंजीच्या कडा जुळवून मुरड घालावी तशा त्या मानेच्या भागापासून दोन्ही दिशांना मिटत जाऊन तिची नळी बनते. हीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होते. वरचे तोंड उघडे राहिले तर मेंदूची व कवटीची घडण होत नाही व ते मूल जगत नाही. खालचे राहिले तर कणा दुभंगलेला राहतो. गर्भधारणेपासून सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी ही मुरड पुरी होते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम पंधरवडा लोटलेला असतो, आणि पुष्कळ घरांत ही बातमी अजून सासूबाईंच्या कानीही गेलेली नसते!

फोलेटच्या कमतरतेचा या व्यंगाशी संबंध असावा, अशी शंका इंग्लंडातील हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी १९६५ साली मांडली होती. तिचा निकाल लागावयास मात्र १९९१ उजाडले. ज्या स्त्रियांना पूर्वी असे मूल झाले होते, त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज चार मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिले असता पुनरावृत्तीचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले, असे सात देशांत चाललेल्या चाचणीत आढळले. हा गुण इतका निःसंशय दिसला की चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली.

सोळा संस्कारांत गर्भाधान पहिले आहे, याचा दाखला देऊन आमच्या पूर्वजांना फोलेट अवगत होते असे सांगण्याचा मोह कोणास होईल, तर तो आवरावा. आमची अडचण निराळीच आहे. लग्न झालेल्या मुलीने ‘अजून काही नसताना’ गोळी घेणे आपल्याला चमत्कारिक वाटते. वास्तविक जिला मूल हवे आहे तिने निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करून ती बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवावी, एवढीच ही तजवीज आहे. पूर्वी असे मूल झालेल्या किंवा अपस्माराची औषधे घेणाऱ्या स्त्रीला अधिक मात्रा लागू शकते. ती डॉक्टरांनी ठरवावी, आणि अपस्माराचे औषध परस्पर बंद करण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या तिमाहीपासून मिळणारी लोहाची गोळी रक्तासाठी अवश्य घ्यावी, तीतही फॉलिक अ‍ॅसिड असते. पण तोवर मुरड घालून झालेली असते. निव्वळ शाकाहारी घरांत बी-१२ या जीवनसत्त्वाकडेही लक्ष असावे, कारण त्याच्या अभावाने होणारा पांडुरोग फोलेटने झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

आहाराचे म्हणाल, तर पालक, चवळी, हरभरा, मूग, भुईमूग यांत फोलेट आहे. परंतु ते पाण्यात विरघळणारे आणि उष्णतेने नासणारे असल्यामुळे, गोळीची जागा केवळ आहाराने भरून निघेल असा भरवसा धरता येत नाही. अंबाडीची भाजी आंबटपणा कमी व्हावा म्हणून आपण उकडतो, घट्ट पिळतो आणि ते पाणी मोरीत ओतून देतो. त्या हिरवट पाण्याबरोबर काय वाहून जाते, हे विल्सबाईंनी आपल्याला बिनचूक सांगितले असते.