दुखऱ्या गुडघ्यांचा व्यायाम



नंदुरबार जिल्ह्यांत सातपुड्याच्या रांगेंत अस्तंभा नांवाचें एक शिखर आहे. दिवाळीच्या दिवसांत तळोद्याकडून यात्रेकरू तें चढून जातात. चिरंजीव अश्वत्थामा आपल्या न भरणाऱ्या जखमेसाठीं तेल मागत त्या रानांतून हिंडतो, अशी तिकडील श्रद्धा आहे. पन्नाशी उलटलेला यात्रेकरू डोंगर उतरून घरीं आला, कीं तोही बहुधा तेलच मागतो! तेल चोळल्यानें ऊब येते, बरें वाटतें. त्याची मी निंदा करीत नाहीं. पण तेल सांध्याला आधार देत नाहीं. तो आधार मांडीचे स्नायू देतात.

चढतांना दम लागतो आणि उतरतांना गुडघे दुखतात, असें कां? उतरतांना शरीराचा भार हळूहळू खालीं सोडण्याचें काम मांडीच्या पुढील स्नायूला करावें लागतें. तो दुबळा असला, म्हणजे प्रत्येक पावलाचा हिसका सांध्यावर बसतो. मग मनुष्य चालणें सोडतो. प्रथम तोरणमाळची सहल जाते, मग बाजार, मग जिना. आणि शेवटीं खुर्चीवरून उठावयासहि दुसऱ्याचा हात लागतो. सांध्यांतील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहींत. हालचालीनें दाब पडतो व सुटतो, तेव्हां सांध्यांतील द्रवांतून तिला पोषण मिळतें. म्हणून निव्वळ विश्रांति हें या दुखण्यावर औषध नव्हे. संधिवाताच्या उपचारांत आज व्यायामाला जें पहिलें स्थान मिळालें आहे, तें यामुळेंच.

मात्र कोणता व्यायाम? आपल्या तालमींतील बैठका तरुण गुडघ्यांसाठीं आहेत. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं ज्यांचा मोठा प्रसार केला, ते सूर्यनमस्कारहि उत्तम. पण त्यांत गुडघा पुरता दुमडतो. दुखऱ्या गुडघ्यानें तेथून आरंभ करूं नये.

आरंभ अंथरुणावर करावा. पाय लांब करून गुडघ्याखालीं पंचाची गुंडाळी ठेवावी, ती गुडघ्यानें खालीं दाबून पांच अंक मोजावे व सोडावी. असें दहा वेळां. मग एक गुडघा दुमडून दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. पाय दुमडून कंबर वर उचलण्यानें नितंबांचे स्नायू बळावतात; त्यांचाहि गुडघ्याला आधार असतो.

पण माझ्या मतें सर्वांत मोलाचा व्यायाम खुर्चीचा आहे. भिंतीला टेकविलेली, न हलणारी उंच खुर्ची घ्यावी. ठेंगणी असल्यास वर उशी ठेवावी. पुढें वांकून, हात न टेकतां उठावें आणि उठण्याहून सावकाश बसावें. धपकन् बसलें, कीं अर्धा व्यायाम वाया गेला. कारण डोंगर उतरतांना लागणारी शक्ति या सावकाश बसण्यांतच मिळते. आरंभीं पांच वेळां, एक दिवसाआड. सोपें वाटूं लागलें, कीं उशी काढावी. सहा ते आठ आठवड्यांपूर्वीं फळाची घाई करूं नये.

थोडें दुखलें तर भिऊं नये. दुसऱ्या दिवशींहि दुखणें वाढलेलेंच असेल, तर संख्या कमी करावी. गुडघा गरम व सुजलेला असेल, ताप असेल, किंवा सांधा मध्येंच अडकत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांस दाखवावें.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर देठ खुडणाऱ्या स्त्रिया तासन् तास जमिनीवर बसतात. त्यांना व्यायाम सांगण्यापूर्वीं बसावयास चौरंग द्यावा आणि मधून मधून उठूं द्यावें, हें अधिक न्यायाचें. शहरांतील स्थूल मंडळींची गोष्ट निराळी. वजन जास्त असलेल्या संधिवाताच्या रुग्णांचा एक अभ्यास अमेरिकेंत २००५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एक किलो वजन उतरल्यास प्रत्येक पावलास गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं घटतो, असें आढळलें.

काठी घ्यावयाची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातांत. जिना चढतांना चांगला पाय आधीं वर टाकावा. उतरतांना दुखरा पाय आधीं खालीं, आणि एक हात कठड्यावर.