पाठीवरचे ओझे आणि कॅमेऱ्याची पिशवी



व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलावले तेव्हा मला वाटले, नेहमीप्रमाणे कामगार चळवळीवर बोलावे लागणार. पण ते म्हणाले, "त्यावर तुम्ही वर्षभर बोलताच, यंदा तुमच्या त्या फोटोच्या नादावर बोला." माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे वाचनालयात झाले आणि बाजाराच्या ओट्यावर झाले. छायाचित्रणाची कला शिकवण्याचा अधिकार मला नाही. परंतु ओझे या विषयावर बोलण्याचा अधिकार मी पंचवीस वर्षे हमाल-मापाडी बांधवांत राहून मिळवला आहे. म्हणून आज मी बोलणार आहे ते कॅमेऱ्याच्या पिशवीवर. हसू नका, विषय दिसतो तेवढा हलका नाही.

आपल्यापासून फार दूर नाही, तो कारंजा-सोहोळचा काळवीट अभयारण्याचा टापू. 2000 साली तो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र जेमतेम 18 चौरस किलोमीटर. सगळा माळ आणि गवत. काळविटाला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. ते आपल्या तुरीत-हरभऱ्यात येते आणि शेतकऱ्याच्या शिव्या खाते. पन्नाशी ओलांडल्यावर मला या जनावराचे वेड लागले. एक जुना कॅमेरा घेतला, हप्त्याने एक लांब पल्ल्याची लेन्स घेतली, आणि दुकानात दिसली ती खांद्याला एकाच पट्ट्याने लटकवायची पिशवी उचलली. पिशवी दिसायला देखणी होती. दोन महिन्यांत माझी कंबर धरली.

तेव्हा मी काय केले? शेजारचा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा सोबत घेतला आणि पिशवी त्याच्या खांद्यावर दिली. तिसऱ्या दिवशी बांधावर बसून पाणी पिताना त्याने सदऱ्याची गुंडी सोडली. खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठलेला! मी विचारले, "का रे, जड होते काय?" तो म्हणाला, "ओझ्याचं काही नाही, काकाजी. पट्टा लय रुतते."

मित्रहो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. शंभर किलोचे पोते हमालाच्या पाठीवरून उतरावे म्हणून ज्याने सभा गाजवल्या, त्याने आपल्या हौसेचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकले आणि वळून पाहिले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली शिफारस केली की, प्रौढ पुरुष कामगाराने वाहायचे वजन 55 किलोंहून अधिक असेल तर ते लवकरात लवकर तेवढ्यावर आणावे. 1969 साली आपल्या राज्यात माथाडी-हमालांसाठी कायदा झाला. हे सगळे मला तोंडपाठ होते. खांद्यावरचा वळ मात्र मला दिसला नव्हता.

त्या पोराच्या बोलण्यात पिशवी निवडण्याचे सगळे शास्त्र आहे. वजन किती, हा अर्धा प्रश्न झाला. ते अंगावर कुठे टेकते, हा उरलेला अर्धा. आपला जुना हमाल पोते घेताना पाहा. तो ते पाठीच्या कण्याला चिकटवून घेतो, दोन्ही बाजू समतोल करतो, आणि भार मांसावर न घेता हाडावर घेतो. डोक्यावर घ्यायचे तर खाली चुंबळ ठेवतो. पिशवीलाही हाच नियम.

तेव्हा पहिली गोष्ट, दुकानात जाण्यापूर्वी वजनकाटा गाठा. सोनीची 200-600 मिलिमीटरची लेन्स सुमारे 2100 ग्रॅम भरते, निकॉनची 200-500 ची सुमारे 2300 ग्रॅम. सिग्माची 150-600 ची हलकी म्हणतात ती 1900 ग्रॅमच्या पुढे आहे, आणि कॅननची 600 मिलिमीटरची मोठी लेन्स नव्या घडणीतही तीन किलोंची. हिच्यात कॅमेरा मिळवा, तिपाई मिळवा, आणि वऱ्हाडच्या उन्हात दोन लिटर पाणी मिळवा. आठ-नऊ किलो सहज होतात. त्यावर रिकामी पिशवीच तीन-चार किलोंची असली तर तुम्ही कापूस नेता आहात की नुसते बारदान, याचा विचार करा. बारदानाचे वजन वजा करायला आपण अडत्याशी भांडतो. इथे ते आपल्याच पाठीवर बसते.

दुसरी गोष्ट, लांबी. लेन्स कॅमेऱ्याला जोडलेल्या स्थितीत, हूड उलटे लावून मोजा. काळवीट उडी मारून निघून जाईल तोवर जोडणी करत बसायला वेळ नसतो. सोनीच्या त्या लेन्सची लांबी जवळजवळ 32 सेंटिमीटर. कॅमेरा जोडला की पिशवीची आतली लांबी 42 तरी हवी. सिग्माची मिटून 26 सेंटिमीटरच होते. तिला लहान पिशवी पुरते. कॅननच्या त्या मोठ्या लेन्सची लांबीच 45 सेंटिमीटर. तिला आतून 55 च्या आसपास जागा लागते. पिशवीवर छापलेले माप बाहेरचे असते, हे ध्यानात असू द्या. आणि एवढी जड लेन्स पिशवीतून काढताना कॅमेरा धरून ओढू नका. लेन्सच्या पायाला धरून उचला, नाहीतर जोडावर सगळा ताण येतो.

तिसरी गोष्ट, कंबरपट्टा. दोन्ही खांद्यांवर पट्टे आणि कमरेला रुंद, भरीव पट्टा, अशीच पिशवी घ्या. मान वाकवली की मागे जे हाड वर येते, तिथून कमरेच्या हाडाच्या पातळीपर्यंत आपली पाठ मोजा; पिशवीची पाठ तिला जुळली पाहिजे. घालताना आधी कंबरपट्टा कमरेच्या हाडावर आवळा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. बराचसा भार कमरेवर उतरला पाहिजे. दुकानात रिकामी पिशवी घालून आरशात पाहू नका. घरून नऊ किलो तुरीची डाळ पुड्या बांधून न्या, पिशवीत भरा, आणि अर्धा तास जिने चढा-उतरा. दुकानदार हसेल. त्याला हसू द्या; पाठ तुमची आहे. भरताना लेन्स पाठीला लागून ठेवा आणि हलके सामान बाहेरच्या अंगाला. तिपाई एका कडेला लटकवली तर दुसऱ्या कडेला पाणी ठेवून तोल सांभाळा.

चौथी गोष्ट, पिशवीचे तोंड. पाठीच्या बाजूने उघडणारी पिशवी आपल्या माळाला बरी. ती जमिनीवर ठेवली तर माती बाहेरच्या अंगाला लागते, आपल्या सदऱ्याला नाही. कंबरपट्टा न सोडता ती पुढे फिरवून उभ्याउभ्या उघडता येते. बाहेरचे कापड गुळगुळीत हवे, कारण सोहोळच्या गवतात कुसळ असते. ते खरखरीत कापडात शिरते, चेनीत अडकते, आणि आतून लेन्सच्या पुसण्यापर्यंत पोचते. बाहेर ओढून फाडल्यासारखा उघडणारा चिकटपट्टा नको. त्याचा एक आवाज झाला की कळप क्षितिजावर. रंग मातीचा घ्या; काळी पिशवी वैशाखात तव्यासारखी तापते. पावसाळ्यानंतर पिशवी रिकामी करून उन्हात वाळवा. दमट पिशवीत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते.

पाचवी गोष्ट, आपण कसे जाणार? ताडोब्याला किंवा मेळघाटला जिप्सीत बसून फिरायचे असेल तर कंबरपट्ट्याचा उपयोग कमी. तिथे धूळ अडवणारी, वरून चटकन उघडणारी पिशवी हवी, आणि ती गाडीच्या तळाशी आपटू न देता मांडीवर किंवा आसनावर हवी. विमानाने जायचे तर सोबतच्या सामानाला साधारण 7 किलोंची मर्यादा असते; तिथे जड पिशवी घेणारा आधीच हरतो. आणि माझ्यासारखा बांधाबांधाने फिरणारा असेल, तर त्याने शेतमालकाला विचारून पाऊल टाकावे, अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीने जावे, आणि चालण्याची पिशवी घ्यावी. एका पिशवीत तिन्ही कामे बसत नाहीत. ज्या वाटेने अधिक जाता तिची पिशवी घ्या.

शेवटचा मुद्दा माझ्या मनाला लागलेला आहे. वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात, चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने 1920 नंतरच्या वर्षांत उत्तरेच्या जंगलात रात्री वाघांचे फोटो घेतले. त्याचे पुस्तक 1927 साली निघाले. त्या काळी कॅमेरे अवजड, काचा अवजड. ज्या माणसांनी असली ओझी जंगलात वाहिली, त्यांची नावे फोटोखाली कोण छापतो? आज आपण मदतनीस घेतो तेव्हा एवढे तरी पाळावे: ओझे आधी तोलावे, मजुरी आधी ठरवावी, आणि पिशवी ज्याच्या पाठीवर जाणार त्याच्या पाठीला मापून घ्यावी.

मी तसे केले. नवी पिशवी घ्यायला त्या पोराला सोबत नेले, आणि तीन पिशव्या डाळ भरून आम्ही दोघांनी आळीपाळीने घालून पाहिल्या. त्याला जी बसली ती मलाही बसली. पट्टे लांब-आखूड करता येतात. आता जाताना मी वाहतो, येताना तो. वाटेत लेन्सही आळीपाळीने डोळ्याला लावतो. मागच्या हिवाळ्यात धुक्यातून निघालेल्या काळविटाचा जो फोटो पाहून तुम्ही माझे कौतुक केले, तो मी घेतलेला नाही. तो त्याने घेतला, आणि तो आज मागच्या रांगेत बसला आहे.